देवाला विचारायला निघालो, वाटेत जुनं गोवं

हे मी सांगितलं आणि माझ्या पोरीनं, सुलभानं, लिहून घेतलं. माझं शिक्षण दुसरीपर्यंत, त्यातली पहिली मी दोनदा केली. तेव्हा वाचताना कुठे शहाणपण दिसलं तर ते तिनं घातलेलं. मूर्खपणा सगळा माझा, त्याला तिनं हात लावलेला नाय.

मी बाबल, सुर्ल्याच्या खाणीवर टिप्पर चालवतो. बांद्याकडून येऊन वीस वर्षं झाली. खाणीवर माती भरायची, नदीच्या धक्क्यावर ओतायची, परत यायचं. वीस वर्षांत जेवढा रस्ता कापला तेवढ्यात दुसरा माणूस काशीला शंभर वेळा जाऊन आला असता. मी बघितलं काय, तर पुढच्या टिप्परचं बूड. म्हणून गोव्याचं राज्य झालं त्या पावसाळ्यात, खाणी बंद असताना, मी दोन दिवस जुनं गोवं, पणजी आणि फोंडा फिरून आलो, याचं आमच्या वाड्यावर सगळ्यांना नवल वाटलं. जो तो विचारायचा, काय बघितलंस? एकेकाला सांगून तोंड दुखलं.

फिरायला म्हणून मी गेलो नव्हतो. सुलभाला पेडण्याचं स्थळ आलं होतं. मुलगा विजेच्या खांबावर चढणारा, सरकारी नोकरीतला. बाप पुंडलीकबाब, कचेरीत कारकून, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. मुलाला मुलगी पसंत, मुलीला मुलगा पसंत. मधे राहिला देव. आमच्याकडे असली गोष्ट देवाला विचारल्याशिवाय होत नाय. देवाच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या पाण्यानं चिकटवतात, भट प्रश्न घालतो आणि सगळे बघत बसतात. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नको. मी माझ्या गावच्या देवाला विचारलं, उजवी पडली. पुंडलीकबाबनी पेडण्याच्या देवाला विचारलं, डावी पडली. आता दोन देवांनी दोन सांगितल्यावर माणसानं काय करायचं? कुठल्या देवाला खोटं पाडायचं?

त्या आठवड्यात सुलभानं तीनदा आमटीत मीठ घातलं नाय, आणि तीनही वेळा मी बरी झालीय म्हणून वाटीभर जास्त खाल्ली.

मग पेडण्याहून निरोप आला. पुंडलीकबाबचा कुळदेव फोंड्याकडच्या एका गावात आहे. तो सांगेल ते शेवटचं. दोन्ही बापांनी मिळून जायचं. आणि जातोच आहोत तर जुन्या गोव्यावरून जाऊया, कारण पुंडलीकबाबनी बत्तीस वर्षं कागदावर ते नाव लिहिलं, पण डोळ्यांनी बघितलं नव्हतं. सुर्ल्याहून फोंडा जवळ. जुन्या गोव्यावरून जायचं म्हणजे अर्ध्या गोव्याला प्रदक्षिणा. पण मुलीचा बाप मी. ते दिल्लीवरून जाऊया म्हणाले असते तरी मी व्हय म्हटलं असतं.

बायलेनं, म्हणजे बायकोनं, पिशवी भरून दिली आणि दारात सांगितलं, “त्येंका बरा वाटात असा वाग. तुझे इनोद घराकडे ठेवून जा.”

मी ठेवले. पण ते मागच्या बसनं आले.

डिचोली, नार्वे आणि दिवाडी बेट

डिचोलीच्या स्टँडवर पुंडलीकबाब माझ्या आधी हजर. पांढरीशुभ्र पँट, छत्री, खिशात डायरी आणि पायांत काळे बूट. बूट असे चकचकीत की मी वाकून नमस्कार केला तेव्हा माझंच तोंड त्यात दिसलं. दाढी नीट झालेली नाय हे मला तिथं कळलं.

स्टँडच्या भिंतींवर मराठी की कोंकणी ह्या भांडणातल्या घोषणा अजून होत्या. पावसानं अर्ध्या धुतलेल्या. पुंडलीकबाब मराठीवाले, मोर्च्यात पुढे असलेले. बायकोवर मात्र ते कोंकणीतून रागावतात, असं मुलगाच सांगत होता. त्यांनी मला विचारलं, तुमचं मत काय? मी म्हटलं, मला दोन्ही घोषणा वाचता येत नाय, त्यामुळे माझं कुणाशी वाकडं नाय. ते हसले नाय. डायरीत काहीतरी लिहिलं. मला वाटलं, गेलं स्थळ.

नार्व्याला फेरीबोटीत बसलो. मांडवीचं पाणी चहासारखं. खाणीची माती नेणाऱ्या बार्जी बांधून ठेवलेल्या, आणि लांब काठावर धक्क्यावरच्या मातीचा लाल ढीग पावसात भिजत होता. मी वीस वर्षं तो ढीग वरून बघितला, पाण्यावरून पहिल्यांदाच बघत होतो. एवढासा दिसला. मी पुंडलीकबाबना म्हटलं, तो दिसतो तो माझा. त्यांनी चष्मा पुसून बघितलं आणि विचारलं, सगळो? मी म्हटलं, निम्मा तरी. मग प्रामाणिकपणे सांगितलं की एका कोपऱ्यातला थोडा.

पलीकडे दिवाडी बेट. हिरवीगार भातशेती, मधूनच पांढरा क्रूस, टेकडीवर चर्च, आणि सोप्यांवर म्हातारी माणसं पाय लांब करून बसलेली. सोपो म्हणजे घरासमोरचा बसायचा ओटा. आमच्याकडे पण असतो, पण आमच्याकडे त्यावर भात वाळत असतो, माणसाला जागा नसते.

पुंडलीकबाबनी सांगितलं, त्यांचा कुळदेव आधी ह्याच बाजूला होता. फिरंग्यांच्या काळात लोकांनी त्याला उचलून नदीपलीकडे नेला, तो तिथलाच झाला. मला बरं वाटलं. म्हटलं, “म्हणजे देव पण माझ्यासारखो भायरगांवचो. रेशनकार्ड मिळाला त्येका?”

हा विनोद घरी ठेवायचा राहिला होता. पुंडलीकबाब पाण्याकडे बघत राहिले. मी पुढच्या फेरीबोटीपर्यंत तोंडात भाकरी कोंबून ठेवली, म्हणजे दुसरं काही बाहेर येऊ नये.

जुनं गोवं

ज्यांनी बघितलं नाय त्यांना सांगतो. जुनं गोवं म्हणजे शहर, पण त्यात शहर नाय. रस्ता आहे, माड आहेत, हिरवळ आहे आणि मधे मधे एवढी मोठी चर्चं उभी, की माणूस आत गेला तर देवाला वाटावं मुंगी आली. बाकीचं शहर कुठे गेलं विचारलं तर पुंडलीकबाब म्हणाले, रोगराई आली, लोक गेले, घरं पाडून चिरे पणजीला नेले. मी म्हटलं, किती ट्रिपा झाल्या असतील? मला कुठलीही मोठी वस्तू दिसली की मनात ट्रिपाच येतात. एका चर्चीच्या भिंतीसमोर उभा राहून मी हिशेब केला, माझ्या टिप्परनं दीड हजार ट्रिपा, तेही पाऊस नसेल तर. पुंडलीकबाब म्हणाले, त्यावेळी टिप्पर नव्हते. मी म्हटलं, म्हणूनच एवढं बरं बांधलंय, मी चिरे आणले असते तर अर्धे वाटेत सांडले असते.

एक उंच मोडका मनोरा बघितला. अर्धा उभा, अर्धा पडलेला, वर गवत. पुंडलीकबाब गंभीर होऊन म्हणाले, काळानं पाडला. इथं मात्र मला राहवलं नाय. दगड-माती हाच माझा धंदा. मी सांगितलं, हा चिरा आमच्या घराचाच चिरा. वर चुना असला तर तीनशे वर्षं राहतो. चुना गेला, पाऊस आत गेला की परत माती होतो. काळानं नाय पाडला, चुना द्यायला माणूस राहिला नाय म्हणून पडला. पुंडलीकबाबनी माझ्याकडे बघितलं, डायरी काढली आणि “चुना” लिहून घेतलं. तो एक शब्द मला ओळखता आला. दिवसभरातली माझी कमाई ती. आणि लगेच मी ती घालवली.

मोठ्या चर्चीच्या दारात आलो. मी सवयीनं चपला काढल्या. पुंडलीकबाब बुटासकट पायरी चढत होते. मी म्हटलं, “बूट काढा हां, देवाचा घर.”

ते म्हणाले, “बाबल, हय काढूचे लागनत नाय. सगळे घालून जातत.”

“जाऊ देत. आमी त्येंच्यासारखे कित्याक करूचे? देव कोणाचोय आसो.”

आता मुलीचा बाप एवढा धार्मिक निघाल्यावर मुलाचा बाप मागे कसा राहणार? त्यांनी खाली बसून नाडी सोडली, बूट काढले, मोजे आत कोंबले आणि माझ्या चपलांशेजारी नीट लावून ठेवले. आम्ही आत गेलो. सोन्याची वेदी बघितली, संताला हात जोडले. सगळे लोक बुटांचा टकटक आवाज करत फिरत होते आणि आम्ही दोघंच अनवाणी. एक गोरा बाबा आमच्या पायांकडे बघून आपले बूट काढायच्या बेतात होता, त्याला बायकोनं ओढून नेलं.

बाहेर आलो तर माझ्या चपला दोन. बूट एक.

लांब हिरवळीवर एक कुत्रं काळं काहीतरी तोंडात धरून माडांच्या दिशेनं चाललं होतं, अगदी आरामात, कामावर जातंय तसं. मी धावलो. वीस वर्षं बसून काम करणारा माणूस किती धावणार? कुत्रं मधे मधे थांबून मी येतोय का बघायचं. मग ते एका दगडी गडग्यावरून उडी मारून गेलं आणि मी गडग्यात राहिलो. परत आलो तेव्हा धोतराला चिखल, हातात मोजा. बूट नाय, पण मोजा मिळाला, असं मी सांगितलं, म्हणजे काहीतरी चांगलं सांगावं म्हणून.

पुंडलीकबाबनी उरलेला बूट उचलला, पेपरात गुंडाळला आणि काखेत धरला. ओरडले असते तर मी सोसलं असतं. सुलभाचं तोंड माझ्या डोळ्यांसमोर आलं. मी मनात म्हटलं, पाकळी कशाला पाहिजे, मीच डावी पाडली.

मी माझ्या चपला त्यांच्यापुढे ठेवल्या. रबरी, एका पट्ट्याला तार बांधलेली. त्यांनी मान हलवली. मग मीही चपला पिशवीत टाकल्या आणि अनवाणी चालायला लागलो. बस येईपर्यंत त्यांच्या ते लक्षात आलं.

“तुझी चपलां खंय?”

“पिशयेत.”

“मगे घाल पायांत.”

“तुमी अनवाणी नि मी चपला घालून, बरा दिसना नाय.”

“तू अनवाणी चल्लंस म्हणून माझे पाय कमी दुखतले?”

पण चपला मी घातल्या नाय. एकदा काढल्यावर घालायच्या कशा, तोच प्रश्न होता.

पणजी

पणजीला उतरलो तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. ज्यांना माहीत नाय त्यांना सांगतो, पणजीत दुपारी एक ते चार दुकानं बंद. दुकानदार जेवून झोपतात. जगात कुठेही बूट विकत मिळतील, पणजीत दुपारी दोन वाजता बुटाची नाडी मिळणार नाय. आमच्याकडे डिचोलीला निदान दार ठोठावून उठवता येतं.

मग वेळ घालवायला आम्ही जुन्या वाड्याकडे गेलो. तिथली घरं म्हणजे दिवाळीला रंगवल्यासारखी. एक पिवळं, एक निळं, एक गुलाबी, गल्ल्या एवढ्या अरुंद की माझा टिप्पर आत घातला तर घरांसकट बाहेर येईल. दोन अनवाणी माणसं, एकाच्या धोतराला चिखल, दुसऱ्याच्या काखेत पेपरात गुंडाळलेला एक बूट. मी प्रत्येक बंद दुकानाच्या दारावर हात ठेवून बघत होतो.

वरून कुणीतरी हाक मारली. एका निळ्या घराच्या जनेलात, म्हणजे खिडकीत, एक म्हातारी बसली होती. पांढरे केस, फुलांचा झगा, हातात पंखा. कोंकणीतून म्हणाली की ह्या वेळी पणजीत कुत्रं पण जागं नसतं, तुम्ही दोघं काय चोरायला फिरताय?

पुंडलीकबाब म्हणाले, “जुन्या गोंयांत एक जागां होता, बाय.” आणि त्यांनी बूट दाखवला.

सगळी गोष्ट ऐकून ती एवढी हसली की मला वाटलं जनेलातून खाली येईल. दारातून आली, आणि आम्हाला घरात घेतलं. फिलोमेनाबाय तिचं नाव. घरात लाकडी मेज, वेताच्या कदेली, भिंतीवर नवऱ्याचा फोटो, मिशा पीळदार. कदेल म्हणजे खुर्ची, पण त्या घरातल्या खुर्चीला खुर्ची म्हणवत नाय. तिनं चहा दिला आणि बशीत बोलिन्यां, म्हणजे खोबऱ्याची बिस्किटं. श्रावण चालू होता. मी चार खाल्ली आणि मग विचारलं, ह्यात अंडं नाय ना? ती म्हणाली, आठ आहेत.

मी पुंडलीकबाबकडे बघितलं. त्यांनी तिसरं बिस्किट तोंडात घातलं आणि शांतपणे म्हणाले, “माका आदीच म्हायत होता. पण विचारल्यार सोडूचा पडता.”

मग ती आत गेली आणि एक जोडी बूट घेऊन आली. तपकिरी, जुन्या तऱ्हेचे, पण पॉलिश एवढं की पुंडलीकबाबचे सकाळचे बूट लाजले असते. नवऱ्याचे. सहा वर्षांपूर्वी वारला, पण ती दर महिन्याला पॉलिश करते. म्हणाली, “घाल पुता. थंय उबो रावून ताचेय पांय दुखतात आसतले.” आणि फोटोकडे बोट केलं.

लग्नाचं देवाला विचारायला चाललोय आणि मेलेल्या माणसाचे बूट घालून? आमच्यात असं ऐकलं तरी लोक तीन पिढ्या सोयरीक करणार नाय. मी पुंडलीकबाबची बाही मागून ओढली. एकदा ओढली, दोनदा ओढली. त्यांनी हात झटकला, कदेलीवर बसून बूट घातले, उभे राहिले. बरोब्बर बसले.

बाहेर पडल्यावर मी म्हटलं, पुंडलीकबाब, हे काय केलं तुम्ही?

“ती बायल म्हयन्याक पॉलिश करता,” ते म्हणाले. “नाका म्हणूक तुझी जीब उठली आसती? माझी नाय उठली.”

(ते बूट नंतर त्यांनी स्वतः पणजीला जाऊन परत दिले. पॉलिश करून.)

फोंड्याकडे

रात्र एका लॉजवर काढली. मी झोपलो नाय. मी हिशेब करत होतो. उजवी एक, डावी एक. आता कुत्रं, अंडं आणि मेलेल्याचे बूट, हे सगळं देवानं बघितलेलं. मी देव असतो तर सगळ्याच पाकळ्या डाव्या पाडल्या असत्या.

सकाळी बसनं गेलो. देऊळ डोंगराच्या कुशीत, समोर तळी, दगडी दीपमाळ, पोफळींची सावली, आणि आत एवढं स्वच्छ की पाय ठेवायला भीती वाटली. काल शहरात बघितलेलं सगळं मोठं होतं. हे छोटं, पण इथं कुणी चुना द्यायचा विसरलेलं नाय. पुंडलीकबाब तळीवर पाय धुवून आले. भटानं ताम्हनात पाणी घेतलं, पाकळ्या भिजवल्या, आणि म्हणाला, यजमान, प्रश्न सांगा. प्रश्न मुलाच्या बापानं सांगायचा.

मला राहवलं नाय. मी हात जोडून पुढे झालो आणि देवालाच सांगायला लागलो. बूट काढायला मीच सांगितले म्हाराजा. कुत्र्याला मीच सोडलं. अंडी मी चार घासांत खाल्ली. पोरीचं ह्यात काय नाय. काय रागवायचं ते माझ्यावर रागव, पोरीचं नाव डावीकडे घालू नको. भट थांबून माझ्याकडे बघत होता. एवढं लांब गाऱ्हाणं त्यानं सकाळच्या पारी ऐकलं नसणार. माझा आवाज मधेच फाटला, ते मी इथं लिहायला सांगणार नव्हतो, पण सुलभानं लिहिलंच.

मी थांबलो. भट म्हणाला, यजमान, प्रश्न.

“पेडण्याक डावी पडली,” पुंडलीकबाब देवाकडे बघूनच म्हणाले, “तेव्हा माका बरा वाटला. खाणीवरच्या ड्रायव्हराची मुलगी नको, असा मनात होताच. देवान माझा काम केल्यान, असा वाटला. आता विचारलंय तर परत तसाच मनात धरून विचारतलंय.” मग ते भटाकडे वळले. “भटजी, आमी विचारूक येवक नाय. सांगूक आयलंव. मुलाचा लगीन ठरयलां. मुलगी सुर्ल्याची. इतक्याच सांगा देवाक.”

भटाच्या बोटांवर भिजलेल्या पाकळ्या तशाच. त्यानं विचारलं, मग ह्यांचं काय करू?

“पायांर घाला देवाच्या.”

भटानं पाकळ्या देवाच्या पायांवर ठेवल्या. त्यातली एक वरच गुडघ्याला चिकटली. ती पडते की काय म्हणून मी डोळे मिटले. पुंडलीकबाबनी माझं मनगट धरलं आणि मला ओढत बाहेर आणलं. दीपमाळेपर्यंत आम्ही दोघांनीही मागे वळून बघितलं नाय.

संध्याकाळी घरी आलो. बायल दारातच उभी. सुलभा तिच्या मागे, हातात सूप, सुपात काही नाय.

“काय म्हणालो देव?” बायलेनं विचारलं.

“काय्येक नाय,” मी म्हटलं. “गप रवान ऐकून घेतल्यान.”